तीस टक्क्यांचे सहा टक्के: एका खासगी कंपनीतल्या वारसांचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून व्यवसायाचा तपशील, रकमा आणि घटनांमधलं अंतर बदललं आहे. कायद्याचे मुद्दे आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसा ठेवला आहे. मी कंपनी सेक्रेटरी आहे आणि या प्रकरणात दिवंगत भागधारकाच्या कुटुंबाच्या बाजूने काम केलं. हे लिखाण त्या एका बाजूने पाहिलेलं आहे, हे वाचकाने धरून चालावं.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीत तिघा मित्रांनी कारखाना काढला. तिघंही आधी एकाच मोठ्या कारखान्यात नोकरीला होते. एकाला मशीन कळायची, दुसऱ्याला गिऱ्हाईक, तिसऱ्याला हिशेब. पंप आणि व्हॉल्व्हसाठी लागणारे सुटे भाग ते बनवत. कंपनी खासगी मर्यादित होती. भरणा झालेलं भांडवल १० लाख रुपये, म्हणजे १० रुपयांचे १,००,००० शेअर. थोरल्यांकडे ४०,०००, धाकट्यांकडे ३०,००० आणि मशीन सांभाळणाऱ्या तिसऱ्यांकडे ३०,०००. अधिकृत भांडवल, म्हणजे जास्तीत जास्त किती रकमेचे शेअर काढता येतील ती मर्यादा, मात्र सुरुवातीलाच ५० लाख करून ठेवलं होतं, 'पुढे लागेल' म्हणून. या एका आकड्याला नंतर फार महत्त्व आलं.

तिघंही एकमेकांना 'भागीदार' म्हणत. आपल्याकडे सगळेच तसं म्हणतात आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. भागीदारी संस्थेत भागीदार गेला की करारात वेगळं काही नसेल तर संस्थाच विसर्जित होते आणि हिशेब मांडावा लागतो. कंपनीत तसं काही होत नाही. माणूस गेला तरी कंपनी चालू राहते, शेअर तिथेच राहतात, आणि त्या शेअरचं पुढे काय करायचं हे कायदा आणि कंपनीचे आर्टिकल्स, म्हणजे तिची अंतर्गत नियमावली, ठरवतात.

कारभार मात्र खरोखरच भागीदारीसारखा होता. लाभांश एकदाही वाटला नव्हता. तिघं पगार घ्यायचे आणि उरलेला पैसा नव्या मशीनमध्ये जायचा. बँकेच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाला, तिघांच्या वैयक्तिक हमी होत्या. अडचणीच्या महिन्यात घरचे पैसे कंपनीत घालायची पद्धत होती. अशा पैशांपोटी तिसऱ्या भागीदाराचे १८ लाख रुपये कंपनीकडे येणं होते. आर्टिकल्स कायद्यातल्या तयार नमुन्याप्रमाणे, म्हणजे टेबल एफप्रमाणे उचललेले. त्यात कुणी बाहेर पडला किंवा गेला तर शेअरची किंमत कशी ठरवायची याबद्दल एक ओळही नव्हती. ती ओळ होती १०० रुपयांच्या एका स्टँपपेपरवर: कुणाला शेअर विकायचे झाले तर आधी उरलेल्या दोघांना द्यावेत, पुस्तकी किमतीला.

तिसरे भागीदार बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. मृत्युपत्र नव्हतं, शेअरवर नामनिर्देशनही नव्हतं. मागे पत्नी, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, लग्न झालेली मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आई. पत्नीला मी पुढे 'ताई' म्हणतो, कारण प्रत्यक्षातही तसंच म्हणत होतो.

पेच

सुतकाच्या दिवसांत थोरले भागीदार घरी येऊन म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही कागदपत्रांची काळजी करू नका, सगळं आम्ही बघतो." मला वाटतं त्या दिवशी ते मनापासूनच म्हणाले असावेत.

दोन महिन्यांनी ताईंनी मृत्यूचा दाखला जोडून कंपनीला अर्ज दिला: शेअर वारसांच्या नावावर करा. त्यांच्या डोळ्यांसमोर सातबाऱ्यावरची वारसनोंद होती. तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, नोटीस निघते, नोंद होते. कंपनीत हे काम संचालक मंडळाकडे असतं, आणि मंडळात आता ज्यांचं हित गुंतलं आहे असे दोघंच उरले होते. आधी वारस दाखला मागितला, मग प्रतिज्ञापत्र, चौथ्या महिन्यात न्यायालयाचं सक्सेशन सर्टिफिकेट. प्रत्येक मागणी एकेकटी पाहिली तर चुकीची नव्हती. वारसाचा पुरावा मागायचा अधिकार मंडळाला आहे. पण ती एकेक करून, महिना-महिना थांबून मागितली गेली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ५६ प्रमाणे वारसाहक्काची सूचना मिळाल्यापासून एका महिन्यात शेअर प्रमाणपत्र द्यायचं असतं. नकार असेल तर कलम ५८ प्रमाणे तो कारणांसह ३० दिवसांत कळवायचा असतो. इथे होकारही नव्हता आणि नकारही नव्हता.

सहाव्या महिन्यात मंडळाची बैठक झाली आणि राइट्स इश्यू, म्हणजे आहे त्याच भागधारकांना नवे शेअर देऊ करायचं, ठरलं. एका शेअरमागे चार नवे शेअर, दर्शनी किमतीला, १० रुपयांना. एकूण ४,००,००० शेअर, ४० लाख रुपये. कारण लिहिलं होतं: नवीन सीएनसी मशीन घेणे.

यातली गोम समजून घ्यायला थोडं थांबावं लागेल. ज्याच्याकडे २५ टक्क्यांहून जास्त मतं आहेत तो विशेष ठराव अडवू शकतो, कारण तिथे विरोधाच्या तिप्पट मतं बाजूने लागतात. म्हणजे ३० टक्क्यांच्या त्या गठ्ठ्याला आर्टिकल्स बदलणं किंवा बाहेरच्याला खास वाटपाने शेअर देणं रोखता आलं असतं. राइट्स इश्यू मात्र कलम ६२(१)(अ) खाली येतो. तो सगळ्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ केला जातो म्हणून तिथे विशेष ठराव लागत नाही. अधिकृत भांडवलात जागा असेल तर मंडळाची बैठक पुरते. जागा होतीच, पहिल्या दिवसापासून.

अर्जासाठी १५ दिवस दिले होते. कायद्यात कमाल मुदत ३० दिवसांची आहे. किमान पूर्वी १५ होती, २०२१ च्या नियमबदलानंतर ७ झाली. म्हणजे मुदतीतही दोष नव्हता. दोष पत्त्यात होता. पत्र ईमेलने गेलं, दिवंगत भागीदाराच्या कंपनीतल्या ईमेलवर. त्या खात्याचा पासवर्ड त्यांच्या निधनानंतर दुसऱ्याच आठवड्यात कंपनीने बदलला होता.

मुदतीत उत्तर आलं नाही म्हणजे शेअर नाकारले असं कायदा धरतो. ते १,२०,००० शेअर दोघांनी वाटून घेतले. आता एकूण शेअर ५,००,००० आणि वारसांचे ३०,०००. तीस टक्क्यांचे सहा टक्के झाले.

पैशात सांगतो. वाटपाआधी कंपनीची पुस्तकी निव्वळ संपत्ती ४ कोटी २० लाखांच्या आसपास होती, म्हणजे एका शेअरमागे ४२० रुपये. तीस टक्क्यांचे १ कोटी २६ लाख. ४० लाख वाढून ती ४ कोटी ६० लाख झाली आणि तिचे सहा टक्के म्हणजे २७ लाख ६० हजार. एका ठरावाने सुमारे ९८ लाख रुपये एका घरातून दोन घरांत गेले. कुणी तिजोरी फोडली नाही, कुणी खोटी सही केली नाही.

ताईंना हे आठव्या महिन्यात कळलं, तेही भागीदारांच्या तोंडून. "वहिनी, तुमचे सहा टक्के आहेत, आम्ही पूर्ण पुस्तकी किंमत देतो, सत्तावीस लाख साठ हजार." त्या म्हणाल्या, "सहा कुठून आले?"

माझ्याकडे त्या नवव्या महिन्यात आल्या. पहिल्याच दिवशी कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून मी कंपनीचे सार्वजनिक कागद पाहिले. शेअर वाटप सरकारला कळवायच्या पीएएस-३ अर्जात वाटपाची यादी होती. सोबतच्या कागदांवरून आणखी एक गोष्ट कळली: ४० लाख रुपये बँकेत आलेच नव्हते. दोघांची कंपनीला दिलेली जुनी कर्जं शेअरपोटी वळती केली होती. मशीन घ्यायला नवा रुपयाही आला नव्हता, आणि मशीनही आलेलं नव्हतं. वारसांना त्यांच्या वाट्याचे शेअर घ्यायला १२ लाख लागले असते. त्यांचे १८ लाख कंपनीकडेच पडून होते. स्वतःची कर्जं वळती करणाऱ्यांना ही तिसरी खातेवही दिसली नाही, हे मला आजही पटत नाही.

पर्यायांची चर्चा

नातेवाइकांचा सगळ्यात मोठा आग्रह पोलिसांत जाण्याचा होता. ताईंचे भाऊ म्हणाले, "एकदा ठाण्यात बोलावलं की सुतासारखे सरळ होतील." मी विरोध केला. वाटप झालेलं, ठराव नोंदलेला, अर्ज वेळेत भरलेला. फसवणुकीचा फौजदारी गुन्हा सिद्ध करणं अवघड होतं. शिवाय ज्यांच्याकडून पुढे पैसे घ्यायचे आहेत त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की बोलणी तिथेच संपतात.

दिवाणी दावा हा दुसरा विचार. पण जे विषय कंपनी कायद्याने राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे दिलेत, त्यांत कलम ४३० दिवाणी न्यायालयाचा दरवाजा बंद करतं. जिल्हा न्यायालयात वर्ष घालवून 'अधिकारक्षेत्र नाही' हे ऐकायची वेळ आलेली दोन-तीन कुटुंबं माझ्या पाहण्यात आहेत.

तिसरा, कलम ५८ खाली न्यायाधिकरणाकडे अपील. मंडळाने उत्तरच दिलं नसेल तर अर्ज दिल्यापासून ६० दिवसांत ते करावं लागतं. ती मुदत ताई सक्सेशन सर्टिफिकेटची चौकशी करत होत्या तेव्हाच उलटून गेली होती. कलम ५९ खाली भागधारकांच्या नोंदवहीची दुरुस्ती मागता येते आणि तिथे अशी दिवसांची अट लिहिलेली नाही; पण त्याने फक्त नाव लागलं असतं, सहा टक्क्यांवर.

उरलं कलम २४१ आणि २४२: अन्यायकारक कारभार आणि गैरव्यवस्थापनाची याचिका. इथे दोन शंका आड येत होत्या.

पहिली, ज्यांचं नाव नोंदवहीत लागलंच नाही ते 'सदस्य' कसे? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्ल्ड वाइड एजन्सीज निकालात दिलेलं आहे: मृत सदस्याच्या कायदेशीर वारसांना नोंदवहीत नाव नसतानाही अशी याचिका करता येते. तसं नसतं तर नाव लावायला नकार देऊन संचालकांनी वारसांचा न्यायाचा मार्गही अडवला असता.

दुसरी शंका समोरच्या सल्लागाराने नोटिशीच्या उत्तरात ठासून मांडली: याचिकेला १० टक्के शेअर लागतात, तुमच्याकडे सहा. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. कलम २४४ मध्ये पात्रतेच्या दोन वाटा आहेत. एक, जारी भांडवलाचा दहावा हिस्सा. दुसरी, डोक्यांची: १०० सदस्य किंवा एकूण सदस्यांच्या एक दशांश, यांत जे कमी असेल ते. तीन सदस्यांच्या कंपनीत एक सदस्यही एक दशांशापेक्षा जास्तच असतो. त्यामुळे लहान कंपनीत एखाद्याला १० टक्क्यांखाली ढकललं म्हणून त्याचा याचिकेचा हक्क जात नाही. शिवाय योग्य प्रकरणात न्यायाधिकरण ही अट माफही करू शकतं.

कायदा आपल्या बाजूने किती, हेही तोलून पाहिलं. बहुमताने हरवलं म्हणजे अन्याय झाला असं होत नाही. १९६५ च्या कलिंग ट्यूब्स निकालापासून न्यायालयं सांगत आली आहेत की वागणूक जाचक, कठोर आणि गैर असावी लागते. १९८१ च्या नीडल इंडस्ट्रीज निकालात एका गटाचा टक्का घटवणारा राइट्स इश्यूसुद्धा तिथल्या परिस्थितीत अन्यायकारक ठरला नव्हता. तो निकाल समोरचे वाचून दाखवणार हे मी धरूनच चाललो होतो. आमचा आधार होता २००४ चा डेल अँड कॅरिंग्टन निकाल. तिथे व्यवस्थापकीय संचालकाने नियंत्रण मिळवायला स्वतःला शेअर वाटून घेतले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केलं होतं. संचालक विश्वस्ताच्या नात्याने शेअर वाटतात, तो अधिकार कंपनीच्या भल्यासाठी वापरायचा असतो. मशीनच्या नावाने काढलेल्या इश्यूत मशीनचा पैसाच आला नाही, या एका गोष्टीवर आमचं प्रकरण उभं होतं.

पण याचिकेत मागायचं काय? या प्रश्नावर आम्ही तीन आठवडे घालवले, आणि ते आठवडे वाया गेले असं मला वाटत नाही.

मी ताईंना विचारलं, "तुम्हाला कंपनीत राहायचं आहे की बाहेर पडायचं आहे?"

"ह्यांनी उभी केलेली कंपनी आहे, साहेब. मुलाला ह्यांच्या खुर्चीत बसवा."

मी सांगितलं की ३० टक्के परत मिळाले तरी खुर्ची मिळतेच असं नाही. संचालक साध्या बहुमताने नेमला जातो आणि कलम १६९ खाली साध्या बहुमताने काढलाही जातो. लाभांश मागून मिळत नाही; मंडळाने शिफारस केली तरच वाटता येतो. आणि पगार बंद झालेलाच आहे. म्हणजे तीस टक्के हातात, वर्षाला शून्य रुपये, आणि ज्यांच्याशी खटला लढलो त्यांच्याच भरवशावर पुढची वीस वर्षं. त्यांनी विचारलं, "मग निदान शेड आणि प्लॉटमधला तिसरा हिस्सा?" तोही नाही. प्लॉट एमआयडीसीचा, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा, आणि भाडेपट्टा कंपनीच्या नावावर. कंपनीच्या मालमत्तेवर भागधारकाची मालकी नसते, हे बाचा गुजदार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पन्नासच्या दशकातच स्पष्ट केलं आहे.

निर्णय मुलाच्या बोलण्याने झाला. तो म्हणाला, "आई, मला तिथे बसायचं नाही. बाबांची जागा म्हणून सगळे बघतील आणि काम कुणी देणार नाही." ताई त्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला: बाहेर पडायचं, पण सहा टक्क्यांवर नाही.

काय केलं

सगळ्यात आधी वारस एका रांगेत उभे केले. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे चौघं पहिल्या वर्गाचे वारस, प्रत्येकाचा सारखा वाटा. आईचा वाटा पुष्कळ घरांत कुणाच्या ध्यानातच नसतो. मुलांनी ताईंच्या नावे हक्कसोड पत्र दिलं. आजींनीही द्यावं अशी घरातल्यांची अपेक्षा होती. आजी म्हणाल्या, "माझ्या लेकाचं आहे. माझा वाटा मला द्या, मग मी तो कुणाला द्यायचा ते बघते." मला ते पटलं. एका भागधारकाच्या हक्कासाठी भांडायचं आणि घरातल्या वारसाचा हक्क सहीने काढून घ्यायचा, हे जमणारं नव्हतं. याचिकेत ताई आणि आजी दोघी अर्जदार झाल्या. समोरच्यांनी आजींना वेगळं गाठून बोलायचा प्रयत्न केलाच. आजींनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

दुसरा अवघड निर्णय बँकेचा होता. कंपनीच्या कर्जाला पतीची हमी होती. करार कायदा १८७२ च्या कलम १३१ प्रमाणे हमीदाराच्या मृत्यूने पुढच्या व्यवहारांपुरती चालू हमी संपते, पण 'विरुद्ध करार नसल्यास'. बँकांच्या छापील हमीपत्रांत असा करार बहुधा असतोच, इथेही होता. म्हणजे आलेल्या वारशापुरती जबाबदारी वारसांवर राहू शकत होती. बँकेला पत्र लिहावं तर बँक कर्जाची मर्यादा गोठवेल, कारखाना अडेल आणि आपल्याच शेअरची किंमत पडेल. न लिहावं तर हमी वाढत जाणार. दोन मसुदे केले. पहिल्यात राइट्स इश्यूची सगळी कहाणी होती. तो फाडून टाकला. दुसऱ्यात फक्त तीन वाक्यं: हमीदार अमुक तारखेला वारले, आजची थकबाकी किती ते कळवावं, यापुढच्या रकमांना त्यांची हमी धरू नये. बँकेने मर्यादा गोठवली नाही, पण कंपनीला नव्या हमीची विचारणा केली. त्या पत्रानंतर थोरल्यांचा सूर पहिल्यांदा मऊ झाला.

मग नोटीस, आणि अकराव्या महिन्यात न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे याचिका. मुख्य मागणी वाटप रद्द करण्याची. पर्यायी मागणी, वाटपापूर्वीच्या ३० टक्क्यांच्या न्याय्य किमतीला बहुमतवाल्यांनी शेअर विकत घ्यावेत. कलम २४२ न्यायाधिकरणाला असा आदेश द्यायचा अधिकार देतं. आम्हाला हवी होती दुसरी गोष्ट, पण पहिलीचा धाक असल्याशिवाय दुसरी मिळत नाही. सोबत अंतरिम अर्ज होता. बाराव्या महिन्यात आदेश झाला: पुढच्या सुनावणीपर्यंत भागधारणेत बदल नको, नवे शेअर नकोत, स्थावर मालमत्ता विकू नये.

समोरून दोन बचाव आले. एक ईमेलचा: कायद्याला इलेक्ट्रॉनिक पद्धत चालते, नोंदवहीतल्या पत्त्यावर पाठवलं. खात्याच्या पासवर्डबद्दल त्यांच्या उत्तरात एक शब्द नव्हता. दुसरा स्टँपपेपरचा: पुस्तकी किंमत तुमच्याच माणसाने मान्य केली होती. त्याला आमची दोन उत्तरं होती. तो कागद 'विकायचे झाले तर' म्हणतो, वारसाने येणं ही विक्री नव्हे. आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्ही. बी. रंगराज निकालाप्रमाणे आर्टिकल्समध्ये नसलेलं हस्तांतरणाचं बंधन कंपनीला आणि भागधारकांना बांधत नाही. २०१२ च्या व्होडाफोन निकालात त्या मताशी असहमती नोंदवलेली आहे, म्हणून मी या दुसऱ्या उत्तरावर भिस्त ठेवली नाही.

निष्पत्ती

अंतिम निकाल लागलाच नाही. अंतरिम आदेशानंतर चार-पाच महिन्यांनी दोन्ही बाजूंचा विश्वास असलेले एक निवृत्त चार्टर्ड अकाउंटंट मध्ये पडले. कायद्यात कलम ४४२ खाली मध्यस्थ मंडळाची सोय आहे. इथे ती वापरायची वेळ आली नाही.

बोलणी रकमेवर अडली नाहीत, ती अडली तीन शब्दांवर: कोणती तारीख, किती टक्के, आणि सूट. किंमत वाटपाच्या आदल्या दिवशीची धरायची की आजची? टक्के ३० की ६? आणि अल्पमतातले शेअर विकायला कठीण म्हणून किमतीत कपात करायची का? माझं म्हणणं असं की ज्यांनी बाहेर पडायला भाग पाडलं त्यांनाच अल्पमताची सूट मिळाली तर ढकलून दिल्याचं बक्षीस मिळाल्यासारखं होईल. दीड महिन्यानंतर ठरलं: तारीख वाटपाच्या आदल्या दिवसाची, टक्के ३०, सूट नाही. हे तीन ठरले आणि मगच नोंदणीकृत मूल्यांकनकार नेमला. आकडा आधी आला असता तर प्रत्येकाने आकड्याला सोयीचं तत्त्व शोधलं असतं.

मूल्यांकन ५ कोटी १० लाखांचं आलं. पुस्तकात भाडेपट्टा जुन्या किमतीला होता, फरक मुख्यतः त्याचा. ३० टक्के म्हणजे १ कोटी ५३ लाख. तडजोड १ कोटी ३५ लाखांवर झाली: ४५ लाख लगेच, ९० लाख सहा तिमाही हप्त्यांत, उशिराला १२ टक्के व्याज. १८ लाखांचं कर्ज वेगळं, तीन महिन्यांत. बँकेचं हमीमुक्तीचं पत्र हातात पडल्याशिवाय एकही शेअर हस्तांतरित करायचा नाही, आणि पुढेही जितके पैसे तितकेच शेअर. शेअर वारशाने आल्यामुळे करासाठी खरेदी किंमत पतीची मूळ १० रुपयेच धरली जाते, म्हणजे जवळपास सगळी रक्कम भांडवली नफा. कर जाऊन हातात किती पडतात ते ताईंना कागदावर मांडून दाखवलं, मगच त्यांनी होकार दिला.

मूल्यांकनापेक्षा १८ लाख कमी का घेतले? ताईंनी स्वतः ठरवलं. अपिलं धरून आणखी किती वर्षं जातील हे मी सांगू शकत नव्हतो, आणि मुलाचं पुढचं शिक्षण तोंडावर होतं. मी आणखी ताणायच्या बाजूचा होतो. आज मला त्यांचा निर्णय माझ्या सल्ल्यापेक्षा बरोबर वाटतो.

संमतीच्या अटी न्यायाधिकरणापुढे दाखल करून त्यावर आदेश घेतला, म्हणजे हप्ता चुकला तर न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली करता येते. चौथा हप्ता दोन महिने रखडला, व्याजासकट आला. आजींचा चौथा हिस्सा, ३३ लाख ७५ हजार, त्यांच्याच खात्यात गेला.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या चुकीपासून सुरुवात करतो. याचिकेत मी एक जास्तीचा आरोप घालायला सांगितला: थोरल्यांच्या मुलाच्या संस्थेला जॉबवर्क चढ्या दराने दिलं जातं. कामगारांकडून ऐकलं होतं, एक-दोन चलनं होती, दरांची तुलना नव्हती. समोरच्यांनी त्या एका आरोपावर ढीगभर कागद दाखल केले आणि चार महिने त्यातच गेले. मशीन आणि ईमेल या दोन गोष्टी एवढ्या स्वच्छ होत्या की त्यांच्या शेजारी तिसरी धूसर गोष्ट ठेवायला नको होती.

ताई दुसऱ्या महिन्यातच कुणाकडे गेल्या असत्या तर ६० दिवसांची मुदत हातात होती. अर्जावर स्वतःचा पत्ता, स्वतःचा ईमेल आणि 'यापुढचा सर्व पत्रव्यवहार इथे करावा' एवढं एक वाक्य असतं, तर मेलेल्या खात्यावर पत्र पाठवायची सबब उरली नसती. अर्ज हाती दिला होता, पोच नव्हती; ती तारीख सिद्ध करायला आम्हाला धाकट्या भागीदाराचा व्हॉट्सॲप संदेश शोधावा लागला.

शेअरवर नामनिर्देशन असतं तर नाव लागायचं काम सोपं झालं असतं. मात्र नामनिर्देशित व्यक्ती त्याने मालक होत नाही. वारसा वारसा कायद्यानेच ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात सांगितलं आहे. आजींचा वाटा तेव्हाही राहिलाच असता.

आणि स्थापनेच्या दिवशी? स्टँपपेपरवरचं ते वाक्य आर्टिकल्समध्ये हवं होतं, आणि पुस्तकी किमतीऐवजी त्यात स्वतंत्र मूल्यांकन, मृत्यूचा वेगळा उल्लेख, पैसे द्यायची मुदत आणि हमी सोडवायची जबाबदारी हवी होती. तिघांचे विमे काढून ती रक्कम शेअर खरेदीला राखता आली असती. पन्नाशीतल्या तीन माणसांच्या कंपनीला तो हप्ता जड नव्हता. शेवटच्या बैठकीत धाकटे भागीदार सह्या करता करता म्हणाले, "आधी मी गेलो असतो, तर माझ्या घरच्यांचं असंच झालं असतं." थोरल्यांनी मान वर केली नाही. पुढच्या महिन्यात त्या दोघांच्या नव्या आर्टिकल्सचा मसुदा तपासायला माझ्याकडे आला. त्यांच्या विरोधात काम केलेलं असल्यामुळे मी तो घेतला नाही, दुसऱ्या सेक्रेटरीचं नाव सुचवलं.